गफूर, ते भोक कडेला पडलं नव्हतं

गफूर, तुला माती देऊन आम्ही परत निघालो, तेव्हा कब्रस्तानच्या फाटकापाशी हणमंतू लेथवाला म्हणाला, "असा कारागीर पुन्हा व्हायचा न्हाय. उभ्या जन्मात एकदाच हात चुकला त्याचा. त्या दवाखान्याच्या गाडीत." बाकीच्यांनी माना हलवल्या. वाईट कुणीच बोललं नव्हतं, तुझं कौतुकच चाललं होतं. मीही मान हलवली.

त्याला आज नऊ दिवस झाले. जेवायला बसलो की ती हललेली मान आठवते आणि घास तसाच राहतो. मी सातवी शिकलेला ड्रायव्हर. लिहायची सवय गाडीच्या वहीपुरती, कुठून कुठं गेलो एवढं मांडायची. पण तुझ्याशी बोलायला आता दुसरी सोय राहिली नाही.

डॉक्टरबाईंनी ती पिकअप आणली तेव्हा तू तिला बघून हसला होतास, आठवतं? कुठल्याशा कारखान्यानं लिलावात काढलेली, परदेशी बनावटीची, गोल नाकाची, हिरवा रंग उडालेली गाडी. वयानं आपल्याएवढीच असेल. बाई म्हणाल्या, "मिस्त्री, हिच्यातून पेशंट न्यायचेत." तू मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बघितलेस. एकावर एक नऊ, बोटभर जाडीचे. म्हणालास, "बाई, ही लोखंड वाहायला बनवलीय. माणूस बसला तर हिला कळणारपण न्हाय कुणी बसलंय म्हणून."

तसंच झालं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली म्हातारी माणसं आठ दिवसांनी घरी सोडायला मी सोलापुरातून निघायचो. डोळ्यावर पट्टी, मागं गाद्या घातलेल्या. डोळ्याला टाके असायचे. धक्का बसू द्यायचा नाही, खोकू द्यायचं नाही, असं बाईंनी बजावलेलं. आणि रस्ते तर कसले! दुष्काळाच्या कामावर लोकांनी फोडलेली खडी सगळीकडं पसरलेली, रोलर कुठं फिरला होता, कुठं नाही. चार-पाच माणसं म्हणजे तिला रिकामंच, ती त्या खडीवर शेळीसारखी उड्या मारायची. मंगळवेढ्याला पोचेपर्यंत मागून रामराम म्हणणारे आवाज ऐकू यायचे.

एकदा एका आजीनं उतरताना माझा हात धरला. म्हणाली, "लेका, बाईनं डोळा दिला, पर तुझ्या गाडीनं तो परत काढून घेतला असता बग." तिच्या बोलण्यात राग नव्हता. मी तेच वाक्य तुला येऊन सांगितलं. तू हातातला पाना खाली ठेवलास आणि त्या दिवशी दुसरं काम घेतलं नाहीस.

आधी दोन पाटे काढून बघितले. गाडी मऊ झाली, पण खड्ड्यात मागच्या चाकांचा दांडा वर येऊन चासीवर, गाडीच्या सांगाड्यावर, आदळायला लागला. मग तू पुण्याच्या सामानवाल्याला पत्र टाकून नवे पाटे मागवलेस. रुग्णवाहिकेला लावतात तसे, लांब आणि पातळ, आणि सोबत धक्के खाणारे दोन शॉकअप. पाटे आले ते जुन्यापेक्षा पाच इंच लांब. पुढचं टोक जुन्या जागी बसत होतं, मागचं धरायला चासीवर जागाच नव्हती. मागचा ब्रॅकेट पाच इंच सरकवायला हवा होता.

"त्यात काय," मी म्हणालो. "वेल्डिंग मारून टाक. अर्ध्या तासाचं काम हाय."

तू माझ्याकडं असं बघितलंस जणू मी बाईंना पेशंटचा डोळा चमच्यानं काढायला सांगितलं होतं.

"मारुती, देख. वेल्डिंग कवा तुटत न्हाय. वेल्डिंगच्या शेजारचं लोखंड तुटतं. चासीला आच लागली की तिचा जीव जातो. वरनं काय दिसत न्हाय. आन एक दिवस कट्."

"आन बोल्ट काय जन्मभर टिकतो?"

"न्हाय टिकत. पर सैल झाला की बोलतो. खडखड करतो, मला आवळ म्हणतो. वेल्डिंग मुकं असतं बाबा."

आणि मग तू चार दिवस लावलेस. जुन्या ब्रॅकेटच्या रिव्हेटांची डोकी छिन्नीनं उडवलीस. पुठ्ठ्याचा नमुना कापलास, तो चासीला लावून बघितलास, पुन्हा कापलास, तिसऱ्यांदा कापलास. त्याच्यावरून जाड पत्र्याच्या दोन पट्ट्या केल्यास, अशा की जुन्या रिव्हेटांचीच भोकं बोल्टाला कामी यावीत. नवी भोकं दोन्ही बाजूंना दोनच पाडावी लागली, तीही चासीच्या उभ्या अंगाला, बरोबर मधोमध. कडेला भोक पाडायचं नाही, तिथंच सगळा ताण असतो, हे तू मला तीनदा सांगितलंस. मी तीनही वेळा व्हय म्हणालो. ड्रिल मारायच्या आधी खडूनं खूण केलीस, पुसलीस, पुन्हा केलीस. हणमंतू शेजारच्या दुकानातल्या लेथवरून ओरडला, "गफूरभाई, कुंडली मांडतोस काय गाडीची?"

चौथ्या दिवशी गाडी घोडीवरून खाली उतरली. मला वाटलं, आता खडीवर नेऊन बघायची. तू मागं चढलास, गादीवर आडवा झालास आणि खांद्यावरचा पंचा डोळ्याला बांधलास.

"हे काय?"

"आंधळा होऊन बघतो. तुला खड्डा दिसतो, तू अंग सावरतोस. त्यांना दिसत न्हाय. चालव."

मंगळवेढ्याच्या रस्त्याला मी तुला तास-दीड तास फिरवलं. मागून तुझा आवाज यायचा, "हां, हा बरा." "हा लागला, मानेत लागला." "मारुती, हितं ब्रेक उशिरा दाबलास, तो दोष माझा न्हाय, तुझा." मी मोठमोठ्यानं हसत होतो. परत आलो तर तू उतरायलाच तयार नाहीस. पंचा डोळ्यावर तसाच. म्हणालास, "शॉकअप अजून एक बोट वर घेऊ. मग माझ्या अम्मीला बसवलं तरी चालंल." मला गाडीचं जे काही कळतं ते त्या दीड तासात कळलं. त्याआधी बारा वर्षं मी फक्त गाडी पळवत होतो.

एक अट मात्र तू घातलीस. प्रत्येक फेरीनंतर मी गाडीखाली शिरायचं आणि सोळाच्या सोळा बोल्टांना पाना लावून बघायचा. सैल असेल तो आवळायचा.

आपलं भांडण लागलं ते ह्यावरून. मी म्हणायचो, जिला रोज विचारावं लागतं ती गाडी कसली? तू म्हणायचास, "मग भाभीला रोज विचारत न्हाईस का, बरी हायस का म्हणून?" मी म्हणायचो, न्हाय विचारत. तू म्हणायचास, "म्हणूनच ती माहेरी जाऊन बसती." सगळी गल्ली हसायची. पण मला खरोखरच कंटाळा आला होता, गफूर. ऐंशी-नव्वद किलोमीटर गाडी हाकून यायचं, माणसं हाताला धरून उतरवायची आणि मग पाठीवर झोपून तोंडात माती घ्यायची. शिवाय मनातून मला बोल्टावर भरवसाच नव्हता. जे सैल होऊ शकतं त्याच्यावर म्हातारी माणसं कशी बसवायची, असं वाटायचं. त्यात थोडा आळस होता आणि थोडी भीती. नुसता आळस होता असं लिहिलं तर तेही खोटं होईल.

एक दिवस जेऊरकडची माणसं सोडून मोकळी गाडी घेऊन परत येत होतो. टेंभुर्णीच्या नाक्यावर चहाला थांबलो. शेजारी वेल्डिंगवाला बसला होता. मी त्याला म्हणालो, हे दोन ब्रॅकेट पक्के करून टाक. त्यानं पेट्रोलच्या टाकीवर ओलं पोतं टाकलं, चष्मा चढवला आणि माझा चहा संपायच्या आत काम उरकलं. वरून काळा रंगही मारून दिला. मी तुला सांगितलं नाही. त्यानंतर गाडीखाली शिरणं बंद केलं. तू विचारायचास, "बोल्ट बघितले?" मी म्हणायचो, "घट्ट हायत." ते खोटंही नव्हतं.

तीन महिने काही झालं नाही. मला वाटलं, मी जिंकलो.

मग जेऊरच्याच रस्त्याला, गाव चार-पाच किलोमीटर राहिलं असताना, मागून आवाज आला. तू म्हणाला होतास तसाच. कट्. गाडी उजवीकडं बसली आणि चाक पत्र्याला घासायला लागलं. मागं पाच माणसं होती. मी थांबवून मागं धावलो. सगळे जागच्या जागी होते, पण गोदाकाकू नावाची एक बाई गादीवरून सरकून फळीला टेकली होती, हात डोळ्यावर.

"काय मोडलं रं?" एका आबांनी विचारलं.

"काय न्हाय आबा, पाटा सरकला. हलू नका कुनी."

"आमी कशाला हलतोय. तूच पळापळ करायलास की."

एका शेतकऱ्याची बैलगाडी मिळाली. तिच्यात कडबा पसरला, वर गाद्या टाकल्या आणि एकेकाला उचलून ठेवलं. बैल पावलापावलानं चालले. मी चाकाशेजारून गोदाकाकूंचं डोकं दोन्ही हातांनी धरून गावापर्यंत चालत गेलो. त्या सारख्या म्हणत होत्या, "मला काय दुकत न्हाय रं बाबा," आणि ते ऐकून मला आणखी भीती वाटत होती.

बाई दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या. चौघांना काही झालं नव्हतं. गोदाकाकूंच्या डोळ्यात आत रक्त उतरलं होतं. पंधरा दिवस त्यांना अंधाऱ्या खोलीत उताणं निजवून ठेवलं. सोळाव्या दिवशी बाईंनी त्यांच्यासमोर बोटं धरली आणि त्यांनी बरोबर मोजली. ते पंधरा दिवस मी कसे काढले ते तुला ठाऊक आहे, कारण रोज मी तुझ्याच दुकानात येऊन बसायचो. तुला कसे गेले ते मात्र मी कधी विचारलं नाही.

आधी त्या रस्त्यावरचं सांगतो. निरोप मिळताच तू एसटीनं आलास, खांद्यावर हत्यारांची पिशवी घेऊन. गाडीखाली शिरलास. मी बाहेर उभा. बराच वेळ तुझे नुसते पाय दिसत होते. चासी वेल्डिंगच्या शेजारूनच फाटली होती, वेल्डिंग जसंच्या तसं होतं. तू बाहेर आलास, हात पुसलेस आणि माझ्याकडं बघितलंस. मी नजर वळवली. तू एवढंच म्हणालास, "दोरखंड आण. बांधून न्यायला लागंल."

सोलापुरात बाईंनी गल्लीत उभं राहून, सगळ्यांसमोर विचारलं, "मिस्त्री, झालं तरी काय?"

मी तोंड उघडलं होतं, गफूर. खरंच उघडलं होतं. पण तू माझ्याआधी बोललास.

"माझं चुकलं बाई. भोक कडेला पडलं. तितनं चासी गेली."

आणि मी तोंड मिटलं.

नंतर तू दोन दिवस कानस घेऊन ते वेल्डिंग घासत बसलास. फाटलेल्या जागी आतून दोन हात लांब पट्टी बसवलीस, पुन्हा बोल्टांनी. शेवटी सगळे बोल्ट हातानं लावून झाल्यावर पाना माझ्याकडं दिलास. "आवळ." मी एकेक आवळत गेलो आणि तू शेजारी पडून बघत होतास. तेवढीच शिक्षा मला झाली. त्या दिवसापासून एकाही फेरीनंतर मी गाडीखाली शिरलो नाही असं झालेलं नाही. पण ते मी तुला सांगितलं नाही आणि तूही परत कधी विचारलं नाहीस.

तिथून दोन वर्षं आपण रोज भेटलो. मंगळवेढ्याला माझ्या मेव्हण्याच्या रानात हुरडा खायला गेलो, तिथं तू गोवरीची राख फुंकता फुंकता दाढी जाळून घेतलीस. तुझ्या मुलीच्या लग्नात मी वाढायला होतो. तू आजारी पडलास तेव्हा उशाशी बसलो. तू म्हणालास, "गाडीच्या पुढच्या बुशा बदलायला झाल्यात, ध्यान दे." मी म्हणालो, देतो. हे सगळं बोललो, आणि ते एक वाक्य मात्र जिभेवर घेऊन तसाच उठलो.

काल सकाळी मी बाईंकडं गेलो. त्या बाह्या सरसावून हात धूत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. त्यांनी नळ बंद केला, हात पुसले.

"मला माहीत आहे, मारुती."

"कसं?"

"तो घासत होता तेव्हा मी दुकानात गेले होते. वेल्डिंग मलासुद्धा ओळखू येतं. म्हटलं, मिस्त्री, हे काम तुमचं नाही. तर म्हणाला, बाई, माझंच समजा. माझं काय, मी गाडीखाली असतो, मला कोण बघतंय? पट्टी बांधलेली माणसं मारुतीचा हात धरून चढतात. त्या हातावरचा त्यांचा भरवसा गेला तर गाडीत कोण बसंल?"

बाईंनी टॉवेल खुंटीला अडकवला.

"मी म्हटलं, मग मी बोलते त्याच्याशी. तर नको म्हणाला. तो आपणहून सांगंल बाई, सांगितल्याबिगर त्याला झोप यायची न्हाय. म्हणून मी थांबले."

गफूर, झोप येत होती. पहिला महिनाभर नाही आली, मग यायला लागली. माझ्याबद्दल एवढा एक अंदाज तुझा चुकला होता, आणि ते सांगायला मला आता कागद घ्यावा लागला.

तिथून तुझ्या घरी गेलो. रजियाभाभी उंबऱ्याजवळ तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनाही सांगितलं. त्यांनी तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "त्या वक्ताला मी त्यांना बाईंकडं धाडलं होतं. म्हटलं, डोळे गेले तुमचे, म्हणून भोक चुकलं. बाईंनी बघितलं, डोळे चांगले हायत म्हणाल्या. तरीबी मी दोन वर्षं टोमणे मारत होते. त्यांनी ड्रिल धरलं की मी म्हणायचे, दिसतंय ना नीट? ते म्हणायचे, दिसतंय गं."

"भाभी, मला माफ करा."

"ते मी बघीन मागनं." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "मला सांगून काय उपयोग? मला ते चुकले म्हणून कमी वाटत नव्हते. गल्लीत सांगा. मोठ्यानं सांगा."

दुपारची वेळ होती, सगळी दुकानं चालू होती. मी तुझ्या बंद दुकानाच्या पायरीवर चढलो आणि हणमंतूला हाक मारली. लेथ चालू होता म्हणून दुसऱ्यांदा मारली. तो बंद करून बाहेर आला, मागून बॅटरीवाला आला, पत्रेवाला आला. मी सांगितलं. टेंभुर्णीचा नाका, ओलं पोतं, चहा, काळा रंग, सगळं. भोक बरोबर मधोमध होतं, हे मी दोनदा सांगितलं.

कुणी मला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. हणमंतू हातातलं फडकं पिळत उभा होता.

"म्हंजे दोन वर्षं," तो म्हणाला, "आमी रोज त्याला म्हणायचो, गफूरभाई, भोक मधे पाड बरं का, कडेला नको."

"व्हय."

"आन तो हसायचा की रं."

हसायचास, गफूर. मला ठाऊक आहे. मी तिथंच तुझ्या शेजारी उभा असायचो.